‘शाई-कागदावरून काही सिद्ध होत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

हिटलरच्या बनावट रोजनिश्यांवरील माझ्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. तिच्यातला आक्षेप एका वाक्याचा आहे : ‘शाई नि कागद तपासून फार तर कागद जुना की नवा एवढे कळते, कोणी लिहिले आणि केव्हा लिहिले हे हस्ताक्षरतज्ज्ञच सांगू शकतो.’ उरलेले बहुतेक शब्द माझ्याविषयी आहेत. ‘प्रयोगशाळेचे तोंडही न पाहिलेल्यांनी असल्या विषयांवर लिहू नये’ हे वाक्य मला लागले, आणि ते लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही. मतभेद हा वाचकाचा हक्क आहे. समोरच्याची काहीही माहिती नसताना त्याची लायकी ठरवण्याचा हक्क मात्र कोणी कोणाला दिलेला नाही.

आपण विषय काढलाच आहे म्हणून सांगतो. माझी सारी नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेच्या दस्तऐवज विभागात गेली. न्यायालयांकडून आणि पोलिसांकडून लाखबंद पाकिटांतून आलेली मृत्युपत्रे, साठेखते, वचनचिठ्ठ्या यांच्यावर सूक्ष्मदर्शक लावून बसणे हेच माझे काम होते. लेखात याचा उल्लेख केला नाही, कारण पुरावा माणसाच्या हुद्द्यावर उभा राहत नाही, असे मी मानतो.

आता आपले वाक्य. ‘कोणी लिहिले’ हे शाई सांगत नाही, आणि ती सांगते असे मी कुठेही लिहिलेले नाही. ‘केव्हा लिहिले’ या प्रश्नावर मात्र आपण सरसकट विधान केले आहे आणि ते चूक आहे. हिटलरच्या रोजनिश्यांचे १९८३ चेच प्रकरण घ्या. ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकाने त्या वह्या प्रसिद्ध करण्याआधी ज्या परीक्षेवर भरवसा ठेवला ती हस्ताक्षराची होती, आणि नामांकित तज्ज्ञांनी अक्षर हिटलरचेच असल्याचा निर्वाळा दिला होता. २५ एप्रिलला पत्रकार परिषद झाली आणि ६ मे रोजी पश्चिम जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने वह्या बनावट असल्याचे जाहीर केले. या मधल्या दिवसांत निकाल लावला तो कागदाने, दोऱ्याने आणि शाईने. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून लगद्यात घालतात ती चकाकी आणणारी द्रव्ये महायुद्धानंतरच्या काळातली. ती अतिनील दिव्याखाली निळसर उजळतात, आणि १९३२ ते १९४५ या काळातल्या म्हणवणाऱ्या वह्यांची पाने तशी उजळली. बांधणीच्या दोऱ्यात पॉलिस्टर सापडले. शाईतील क्लोराइडच्या तपासणीवरून १९४३ सालची म्हणून दिलेली वही लिहून वर्षही झालेले नाही, असे निघाले. या वह्या बनवणाऱ्या कोनराड कुयाऊने पानांवर चहा ओतून त्यांना जुनेपणा आणला होता; त्याने डोळा फसतो, दिवा फसत नाही. हे ‘केव्हा’चे उत्तर नव्हे, तर दुसरे काय आहे?

एक गोष्ट आपल्या बाजूने सांगतो, म्हणजे एकांगीपणाचा आरोप नको. त्या हस्ताक्षरतज्ज्ञांवर सगळा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. तुलनेसाठी ‘अस्सल’ म्हणून त्यांच्या हाती दिलेल्या नमुन्यांतले काही कुयाऊनेच लिहिलेले होते, त्यामुळे दोन्हींकडचे अक्षर जुळले यात नवल नाही. पण यातून निघते काय, तेही पाहा. अक्षराची परीक्षा नमुन्यावर अवलंबून असते आणि नमुना खोटा निघाला की ती कोसळते; कागदातल्या रसायनाला असा नमुना लागत नाही.

आमच्याकडे एक उसनवारीची पावती आली होती. मजकूर सावकाराच्या हातचा, खाली कर्जदाराची सही, आणि वाद ‘व्याजासह’ या एकाच शब्दावर. अक्षर सावकाराचेच होते, ते कोणी नाकारतही नव्हते, म्हणजे हस्ताक्षरतज्ज्ञाला तिथे करण्यासारखे काही नव्हते. पावती चार पदरी घडी घालून ठेवलेली होती. घडीवर कागदाचे तंतू तुटतात, आणि तुटलेल्या तंतूंवर नंतर फाउंटन पेन फिरले की शाई त्यांच्यात शिरून रेघेच्या कडेला फुटते. बाकीच्या ओळी घडी ओलांडताना नुसत्या झिजल्या होत्या. ‘व्याजासह’मधल्या ‘जा’चा काना मात्र घडीवर दोन्ही बाजूंना पसरला होता. तो शब्द पावतीला घडी पडल्यानंतर घातला गेला होता. शाई एकच, माणूस एकच, अक्षर एकच; वेळ मात्र वेगळी, आणि ती कागदाने सांगितली.

मर्यादा मलाही ठाऊक आहेत. बॉलपेनच्या शाईतले फिनॉक्सिइथेनॉल हे द्रावक हळूहळू उडून जाते. ते किती उरले यावरून ताजे लिखाण ओळखता येते, पण साधारण दोन वर्षांनी हा बदल इतका मंदावतो की दहा वर्षांपूर्वीची रेघ आणि वीस वर्षांपूर्वीची रेघ यांत फरक करता येत नाही. जुना कोरा कागद मिळवून त्यावर आज लिहिणारेही असतात. म्हणून कागद जुना निघाला तर दस्तऐवज खरा ठरत नाही. पण कागद त्यावरच्या तारखेनंतरचा निघाला तर तो खोटा ठरतो, आणि मग अक्षर कितीही जुळले तरी उपयोग नसतो. आपण यातला पहिला अर्धा भाग उचललात आणि दुसरा सोडून दिलात.

लेख लांबला, परदेशातले उदाहरण कशाला, शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, या तक्रारींना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. ती आहे तशीच राहील. मात्र पुन्हा लिहाल तेव्हा माझ्याविषयी लिहू नका. कागद त्यावरच्या तारखेनंतर बनलेला आहे असे ठरले आणि तरीही केवळ अक्षर जुळते म्हणून दस्तऐवज खरा मानला गेला, असे एक तरी प्रकरण दाखवा. मी ते मन लावून वाचेन.