ठाणे चालत पाहता येते
ठाण्यात तलावपाळी (मासुंदा तलावाचा काठ) सोडल्यास पायी पाहण्याजोगे काही उरलेले नाही, हे ठाण्याच्या भटकंतीवरील लेखातील विधान पटले नाही. स्थानकाच्या पश्चिमेस उतरून जांभळी नाक्याच्या बाजारातून भाजीच्या पाट्या आणि हातगाड्या चुकवत निघाले, की कौपिनेश्वराचे मंदिर, मासुंदा तलाव, त्याच्या जवळचे जुने चर्च, टेंभी नाक्याजवळचे १८७९ सालचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आणि ज्या किल्ल्यातून १८१६ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले तो आजचा मध्यवर्ती तुरुंग, हे सारे चालत गाठता येते. (तुरुंग अर्थात बाहेरूनच, आत जाण्याची घाई कोणालाच नसावी.) चेंदणी कोळीवाडा तर स्थानकाला लागूनच आहे, त्याचा साधा उल्लेखही लेखात नसावा याचे आश्चर्य वाटते.

उपवन तलावाला जाण्यासाठी लेखात सुचवलेल्या भाड्याच्या मोटारीचीही गरज नाही. ठाणे परिवहनची बस पुरते.