लायपेज वाढलं म्हणजे स्वादुपिंडाला सूज आलीच का?

‘अमायलेज किंवा लायपेज वाढलं की स्वादुपिंडाला सूज आलीच. आकडा जितका मोठा, तितका आजार गंभीर. आकडा नॉर्मल, तर स्वादुपिंड ठणठणीत.’ असा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. अमायलेज आणि लायपेज म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारी, अन्न पचवणारी एन्झाइम्स; रक्ततपासणीत ती मोजतात. तिन्ही वाक्यं ठासून लिहिलीत आणि तिन्ही चूक आहेत.

पहिलं वाक्य घ्या. अमायलेज लाळग्रंथीही तयार करतात, म्हणून गालगुंड झालं तरी ते वाढतं. मूत्रपिंडं थकली की ही एन्झाइम्स शरीराबाहेर न जाता रक्तात साचतात. आतड्याला छिद्र पडलं किंवा आतडं अडलं तरी आकडे वर जातात. मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसमध्येही (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचतं तेव्हा) जातात. मधुमेह आणि वजन कमी करण्यासाठीच्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी काहीही दुखत नसताना लायपेज थोडं वाढलेलं दिसतं.

आता समजा रिपोर्टवर अमायलेज 280 आहे, कमाल मर्यादा 100. लायपेज आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी) नॉर्मल, लघवीतलं अमायलेज मात्र कमी. हा बहुतेक मॅक्रोअमायलेसीमिया. यात अमायलेज अँटीबॉडीला चिकटून इतकं मोठं होतं की मूत्रपिंडाच्या गाळणीतून जातच नाही. माणूस धडधाकट असतो, औषध काहीच लागत नाही. अशाला मेसेज वाचून रात्रभर झोप लागत नसेल, तर तो खरा त्रास!

तीव्र स्वादुपिंडदाहाचं, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेल्या सुजेचं निदान नुसत्या आकड्यावर होत नाही. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या 2012 च्या सुधारित अटलांटा निकषांत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वरच्या पोटात ठरावीक प्रकारचं दुखणं, मर्यादेच्या किमान तिप्पट एन्झाइम, किंवा सीटी-सोनोग्राफीत दिसणाऱ्या खुणा.

दुसऱ्या वाक्याला फार वेळ द्यायला नको. आकड्याच्या उंचीवरून गांभीर्य कळत नाही. ते श्वास, रक्तदाब, मूत्रपिंडं कशी चालली आहेत यावरून ठरतं.

तिसरं वाक्य मात्र घातक आहे. अमायलेज साधारण 3 ते 5 दिवसांत खाली येतं, त्यामुळे उशिरा तपासलं तर हुकतं; लायपेज 8 ते 14 दिवस टिकतं. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) फार वाढलेली असतील तर सूज असूनही अमायलेज नॉर्मल दिसू शकतं. स्वादुपिंडाच्या जुनाट आजारात ग्रंथी इतकी झिजलेली असते की वाढायला एन्झाइमच उरत नाही. त्यामुळे पोटातली कळ पाठीपर्यंत जात असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर हातात नॉर्मल रिपोर्ट असला तरी लगेच हॉस्पिटल गाठा.