रिकाम्या माणसाचा रोज

परवा सकाळी शेजाऱ्याने तुऱ्हाटीची एक काडी माझ्या हातात दिली आणि "गुरुजी, तुमी तं रिकामेच हा, एवढं सोयाबीन पाह्यजा," असे सांगून तो मोटारसायकलवरून तालुक्याला निघूनही गेला. मी होकार दिला नव्हता. ओट्यावर बसून मी वर्तमानपत्र वाचत होतो आणि माझ्या मते ते काम होते. परंतु निवृत्त माणसाचे वाचन आमच्या गावात बैलाच्या रवंथाएवढ्याच मोलाचे समजले जाते.

सोयाबीन माझ्याच फाटकासमोर, सिमेंटच्या रस्त्यावर ताडपत्री अंथरून पसरले होते. हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, निघालेल्या दाण्यांत ओल राहिली होती. हमीभावाच्या केंद्रावर एरवी 12 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो आणि खासगी व्यापारी तर एक दाणा दाताखाली फोडून, नुसती मान हलवून भाव पाडतो. म्हणून ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात शिरा, अर्धा रस्ता पिवळा झालेला दिसतो आणि वाहने उरलेल्या अर्ध्यातून अंग चोरून जातात. ही अडचण मला समजते. शेजाऱ्याची बायको कापूस वेचायला गेली होती, मुलगा पुण्याला असतो, राखणीला माणूस मिळत नव्हता, हेही समजते. माणूस मिळेना म्हणून त्याला मी आठवलो, एवढेच तेवढे अद्याप पचलेले नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करताना मी खिचडीचे तांदूळ मोजले, मतदारयाद्या तपासल्या, घरोघरी जाऊन माणसे मोजली. तरी त्या काळात पाठीशी एक आधार होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. हे कलम प्रत्यक्षात किती पाळले गेले, ते खिचडी शिजवणाऱ्या बाईंनाही माहीत आहे. पण निदान कुरकुर करताना कलमाचा आकडा तोंडावर फेकता येत असे. 58 व्या वर्षी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन घरी आलो (ज्याला आता कुठेच वेळेवर पोहोचायचे नाही त्याला घड्याळच का देतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही), त्या संध्याकाळपासून मला कोणतेच कलम लागू होत नाही. कोणाचा सातबारा काढायचा असतो, कोणाची ई-पीक पाहणी मोबाईलवर भरायची असते, आणि लग्नपत्रिकेतली नावे कोणी रुसणार नाही अशा क्रमाने लावणे हे तर कायमचे माझ्याकडेच आले आहे.

याहून महाग पडते ती तालुक्याची फेरी. एसटीत 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, 65 ते 75 मधल्यांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च 2023 पासून महिलांनाही अर्धे तिकीट आहे. शासनाने मला 58 व्या वर्षी म्हातारा ठरवून घरी पाठवले, एसटी मात्र मला 65 पर्यंत तरुण मानते, त्यामुळे सौ. माझ्या शेजारी बसून अर्ध्या तिकिटात जाते आणि मी लोकांच्या कामासाठी पुरे तिकीट काढतो. गावाच्या लेखी हा खर्चच नसतो, कारण "तुमी तं चाललेच हा." माझ्या पेन्शनीचा आकडा ज्यांना माझ्याहून पक्का पाठ आहे, त्यांच्यापुढे मी अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनीचा काही भाग आधीच एकरकमी उचलल्याची, कपात 15 वर्षे चालते हे सांगू लागलो की त्यांना एकदम ढोरांना पाणी दाखवायचे आठवते.

तर मी काडी घेऊन बसलो. तुऱ्हाटीची काडी बकरीला भिवविण्याच्या कामाची नसते, हे बकरीला आधीपासून ठाऊक असते. कान फाटलेली एक पांढरी बकरी रस्त्यापलीकडे कडुलिंबाच्या पाल्यात फार रस असल्यासारखी उभी होती आणि माझी नजर मथळ्याकडे वळली की एक पाऊल अलीकडे टाकत होती. माझा एक जुना विद्यार्थी गाडीचा वेग कमी करून "सर, नवी ड्यूटी?" असे विचारून गेला.

एवढ्यात खालच्या पुऱ्यातली एक म्हातारी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन आली. तिने भारा माझ्या कुंपणाला टेकवला, पदराने तोंड पुसले, आधी सोयाबीनकडे, मग काडीकडे आणि सर्वांत शेवटी माझ्याकडे पाहिले.

"कावो गुरुजी, इथं कायले बसले?"

"सोयाबीन राखतो आहे, बाई."

"वावर घेतलं काय?"

"नाही, शेजाऱ्याचे आहे."

"मंग रोज काय ठरला?"

रोज वगैरे काही नाही, हा शेजारधर्म आहे, असे मी हसून सांगितले. ती हसली नाही.

"म्हंजे फुकट?"

"फुकट."

"अन् च्या?"

चहा माझ्या घरीच होईल, असे मी म्हणालो. त्यावर ती ताडपत्रीच्या कडेला मांडी घालून बसली, कारण उभ्याने ऐकण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

"गेल्या साली हेच सोयाबीन कोनं राखलं? म्या राखलं. दोन पायल्या दाने देल्ले त्यानं अन् दुपारची भाकर देल्ली. यंदा इचारलं तं म्हने, पाहू. तं हे पाहू होय! तुमी असे फुकट बसाले लागले तं आमाले कोन बलावनार? तुमाले पिन्शन हाय. मले श्रावनबाळाचे 1500 भेटते, त्यात तेल आनू का दवा आनू?"

मी स्वतःहून बसलेलो नाही, मला जबरदस्तीने बसवले आहे, असा खुलासा मी केला.

"जबरीनं बसवलं असन तं उठा न मंग."

"उठलो तर बकरी खाईल."

"खाऊ द्या. तुमाले रोज नाई, तं तुमाले घोर कायचा?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. जुन्या पेन्शनसाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला तेव्हा घसा बसेपर्यंत मीही घोषणा दिल्या होत्या. परंतु फुकट राबणारा माणूस दुसऱ्याचा रोज बुडवतो, हे एवढ्या थोडक्यात कोणत्याही पुढाऱ्याने सांगितले नव्हते. राग मला तिचा आला नाही, शेजाऱ्याचा आला. माझ्या फुकटेपणाच्या जोरावर त्याने दोन पायल्या वाचवल्या होत्या आणि गावातल्या एका गरीब बाईच्या हिशेबात मला चोर करून ठेवले होते.

म्हातारीने काडी माझ्या हातातून काढून घेतली, भाऱ्यातले एक जाड लाकूड उपसले आणि ते नुसते उचलताच बकरी आपल्या घराकडे गेली. मग तिने मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावले. सोन्याचा भाव तिने वाचू दिला नाही. कापसाचा भाव दोनदा वाचून घेतला आणि दोन्ही वेळा छापणारा खोटारडा असल्याचे सांगितले.

संध्याकाळी शेजारी परतला. म्हातारीने भांडून, चौकात आवाज जाईल इतके भांडून, एक पायली दाणे पदरात घेतले. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "कडेचे दाने गाडीनं चेंदले वाट्टे, गुरुजी. ध्यान नोतं काय?" आणि मी तोंड उघडण्याआधीच पुढे म्हणाला, "उद्या केंद्रावर नोंदनीची लाइन लागते. सकाळी नंबर लावाले तुमीच जाजा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

रांगेत उभे राहायला अक्षर कशाला लागते, हे मी विचारणारच होतो, तेवढ्यात सौ. आतून म्हणाली, "जातच आहात, तर माझ्या गोळ्याही घेऊन या."