तमाशाला पैसा द्यायचा तर दसऱ्याआधी द्या

लोककलेसाठी सरकारने पैसा द्यावा की नाही, यावर दरवर्षी वाद होतो. तो पैसा कोणत्या महिन्यात द्यावा, हे मात्र कुणी विचारत नाही. ढोलकी फडाच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या मंडळीच्या, तमाशापुरतं बोलायचं तर सगळं गणित त्या एका तारखेत आहे.

फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास परततो. पावसाळ्यात सगळं बंद. त्या बंद महिन्यांतच फडमालकाला पैसा लागतो, कारण कलावंत, वादक, बिगारी, ड्रायव्हर, आचारी या सगळ्यांना हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते. ऊसतोडीच्या टोळीला देतात तशीच. त्यात ट्रकचं काम, कनातीची शिवण, जनरेटर, नवे कपडे, वगाची (तमाशातल्या नाट्याची) तालीम आणि तालमीच्या दिवसांतलं सगळ्यांचं जेवण. तिकीट अजून एकही फाटलेलं नसतं.

बँक दारात उभी करत नाही. फड हे तारण नाही आणि जुन्या ट्रकवर किती मिळणार? मग सावकार. समजा 80 माणसांचा फड आहे आणि सरासरी उचल माणशी 50 हजार. झाले 40 लाख. महिना शेकडा 3 धरा. महिन्याला 1 लाख 20 हजार नुसतं व्याज. मुद्दल हंगामाअखेरीसच फिटलं, तर सात महिन्यांचे 8 लाख 40 हजार. चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपाऱ्या हीच खरी कमाई. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्यांत (बुकिंगच्या तंबूंत) गावकरी येऊन तमाशा ठरवतात, इसार देतात आणि त्यातला बराच पैसा परस्पर देणं फेडायला जातो. एक अवकाळी पाऊस, दोन यात्रा रद्द, की पुढच्या वर्षीची उचल आणखी महागात पडते.

राज्य शासनाची प्रयोगात्मक कलांसाठी भांडवली आणि प्रयोग अनुदानाची योजना आहे. कल्पना चांगलीच आहे. पण प्रस्ताव, छाननी, समिती, मंजुरी, मग निधी या वाटेने येणारा पैसा मार्चअखेरीस खात्यात पडला, तर त्याने सावकार टळत नाही, फार तर त्याचं व्याज भागतं. तोच पैसा गणेशोत्सवाच्या सुमारास मिळाला तर तेवढी उचल बिनव्याजी होते. म्हणून माझी मागणी रक्कम वाढवण्याची नाही. मागच्या हंगामाच्या प्रयोगांवर जूनमध्ये छाननी संपवा आणि ऑगस्टमध्ये निम्मी रक्कम द्या. उरलेली माघात, चालू हंगामाचे प्रयोग तपासून. सावकारी कर्ज बँकेकडे वळवून त्यावर व्याज सवलत दिली, तर त्याच निधीत जास्त फड बसतील.

दुसरी गोष्ट मानधनाची. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना 2024 पासून महिना 5 हजार मिळतात. वयाची अट 50, कलाक्षेत्रात किमान 15 वर्षं, वार्षिक उत्पन्न 60 हजारांच्या आत. (म्हणजे वर्षाचं मानधन आणि उत्पन्नाची मर्यादा तंतोतंत सारखी!) अडचण पुराव्यांत आहे. हँडबिलावर नाव फडमालकाचं आणि दोन-तीन प्रमुख कलावंतांचं असतं. मागे साथ धरणारे झीलकरी आणि सुरत्ये, हलगीवाला, गौळणीतल्या मावशीचं काम करणारा यांचं नाव कुठेच छापलेलं नसतं. वर्षातले सात महिने गावाबाहेर असल्याने स्थानिक कागदही अपुरे. जिल्हा समितीपुढे हीच माणसं गळतात. उपाय खर्चिक नाही. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक फडाने हंगामाची नावनिशीवार हजेरी आणि उचलीची नोंद तालुक्याला जमा करायची, हीच अट घाला. पंधरा वर्षांनी तोच पुरावा होईल. ज्यांची उमर सरली त्यांच्यासाठी यात्रा कमिटी आणि सहकलावंतांचे जबाब ग्राह्य धरा.

महोत्सवांबद्दल थोडक्यात. मंडप, ध्वनियंत्रणा, सत्कार आणि होर्डिंग यांवर गेलेला पैसा लोककलेच्या खात्यात दाखवू नये. होर्डिंगवर ढोलकीवाल्याचा फोटो मंत्र्यांच्या खाली मावलाच तर मावतो.

आणि जतन नेमकं कशाचं करायचं? तमाशाच्या गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, वग या क्रमात आज सगळ्यात आधी कापला जातो तो वग. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले 15 दिवस 12 वाजेपर्यंत सूट देता येते, पण त्यांतले बहुतेक गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, 31 डिसेंबरमध्ये संपतात. यात्रेच्या गावात जेवणं उरकून लोक जमेपर्यंत नऊ वाजतात. उरलेल्या तासात सिनेमाची गाणीच बसतात, वग बसत नाही. दोन वर्षं वग झाला नाही तर सोंगाड्याची (विनोदी नटाची) नवी पिढी शिकणार कुठे? शिबिरात हजरजबाबीपणाचे नियम सांगता येतात, समोरून येणारा टोमणा परतवायचा सराव यात्रेतच होतो.

तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी त्या 15 दिवसांतले निदान चार मोठ्या यात्रांना राखून ठेवावेत. आणि प्रयोग अनुदान मोजताना तासाभराचा गाण्यांचा कार्यक्रम आणि पूर्ण वगाचा प्रयोग एकाच दराने धरू नये.