पोलादी साहेब व्हायचंय? आधी खडू घ्या

गुड मॉर्निंगच्या गुलाबांमागोमाग ती खडूवाली गोष्ट तुम्हालाही आलीच असेल. दिवसपाळीने भट्टीचे ६ घाणे काढले, साहेबाने जमिनीवर खडूने भला मोठा ६ लिहिला आणि निघून गेला, मग रातपाळीने तो पुसून ७ केला. खाली हात जोडलेले. साहेब म्हणजे अमेरिकेतला पोलाद कारखानदार चार्ल्स श्वॉब. आता तुम्हालाही तसंच व्हायचं असेल तर नुसत्या खडूने भागत नाही बरं का.

आधी किराणा दुकानात नोकरी धरा, पण दुकान बघून धरा. श्वॉबचं दुकान पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडॉकला, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या कारखान्यापाशी, आणि तिथला सुपरिंटेंडंट कॅप्टन बिल जोन्स सिगार घ्यायला तिथेच यायचा. साल १८७९, पोराचं वय १७. सिगार देता देता काम मागितलं, मिळालं, रोज एक डॉलरवर सर्व्हेवाल्यांच्या खुंट्या ठोकायचं. वाद्यही शिकून ठेवा, मालक कार्नेगी स्कॉटिश, त्याला गावाकडची गाणी वाजवून दाखवणारा पोरगा कसा विसरेल?

मग वाट बघा. खुर्ची आपोआप रिकामी होते, म्हणजे १८८९ मध्ये भट्टीच्या स्फोटात जोन्सच गेला आणि त्याच्या जागी श्वॉब. १८९२ मध्ये कार्नेगीच्याच होमस्टेडच्या कारखान्यात संप झाला, कंपनीने पिंकर्टन या खाजगी एजन्सीचे भाड्याचे बंदूकवाले आणले, गोळ्या चालल्या, माणसं मेली, युनियन मोडली. असल्या वेळी गावात असू नये, नंतर गोड बोलायला जावं, श्वॉब तसाच गेला. (तेव्हा पोलाद कारखान्यात पाळी बहुतेक १२ तासांची, आणि दिवसपाळीची रातपाळी होताना सलग २४ तास. त्या ६ चा ७ कशाने होत असेल ते तुम्हीच बघा.) पुढे नौदलाच्या चिलखती प्लेटांमधली भोकं बुजवून माल पास केल्याचं १८९४ मध्ये बाहेर आलं, कंपनीला दंड बसला. घाबरू नका, १८९७ मध्ये हाच माणूस कंपनीचा प्रेसिडेंट!

जेवणाचं आमंत्रण कधी सोडू नका. १२ डिसेंबर १९०० ला न्यूयॉर्कच्या क्लबात शेजारी बडा बँकर जे. पी. मॉर्गन बसलेला, श्वॉबने पोलादाच्या भविष्यावर असं काही भाषण ठोकलं की पुढे कार्नेगीने आपली कंपनी विकायला चिठ्ठीवर ४८ कोटी डॉलरचा आकडा लिहिला आणि मॉर्गनने घासाघीस न करता घेतला. १९०१ मध्ये यू. एस. स्टील उभी राहिली, भांडवल १४० कोटी डॉलर, पहिला प्रेसिडेंट आपला खुंट्या ठोकणारा.

लगेच माँटे कार्लोला जाऊन जुगार खेळा, पेपरात छापून येईल असा. १९०३ मध्ये खुर्ची गेली, पण बेथलेहेम स्टील ही दुसरी पोलाद कंपनी होतीच हाताशी. पहिल्या महायुद्धात अमेरिका तटस्थ असताना ब्रिटनच्या पाणबुड्यांचे सुटे भाग कॅनडात पाठवून तिकडे जोडायचे, याला सप्लाय चेन म्हणायचं.

आणि घर बांधाल तर मॅनहॅटनमध्ये, नदीकाठी, ७५ खोल्यांचं, आत पाइप ऑर्गन. मंदीत पैसा गेला तेव्हा ते महापौरांच्या निवासाला देऊ केलं, महापौर ला गार्डियांनी नको म्हटलं. १९३९ मध्ये श्वॉब गेला तो डोक्यावर कर्ज ठेवून. हा भाग फॉरवर्डमध्ये नसतो, मेसेज लांब होतो ना.

घर पुढे पाडलं. आता तिथे फ्लॅट्स आहेत, बिल्डिंगचं नाव श्वॉब हाउस.