‘आपण पाणी वाचवून काय फरक पडतो’ या फॉरवर्डला माझं उत्तर

दर उन्हाळ्यात हा मेसेज फिरतो. यावेळी मला तो तीन ग्रुपवर आला, सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि घरच्या, आणि घरच्या ग्रुपवर टाकणारे आमचे काका आहेत ज्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही, म्हणून दोन ओळीत उडवून न लावता नीट बसून लिहितेय.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा. पाणीकपात हे नाटक आहे. धरणात ९ टीएमसी पाणी आहे, पुण्याला महिन्याला दीड लागतं, म्हणजे ६ महिन्यांचं पाणी पडून आहे. राज्यातलं ८० टक्के पाणी शेतीला जातं, आपल्या बादलीने काय होणार. पाइपलाइनीच ४० टक्के गळतात, आधी त्या दुरुस्त करा. एक दिवस पाणी बंद ठेवलं की लोक भरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ओतून देतात, म्हणजे उलट नासाडी. गाडी धुवायला बंदी, दंड, ही सामान्य माणसाची पिळवणूक. नळाला मोटर लावायची नाही हा नियम जाचक. आम्ही पाणीपट्टी भरतो. आणि पाऊस सुरू झाला तरी कपात चालूच, म्हणजे टँकरवाल्यांशी साटंलोटं. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’.

यातलं काही खरं आहे, ते मी खरंच म्हणणार आहे. पण त्यातून जो निष्कर्ष काढलाय तो घातक आहे.

पहिलं ९ टीएमसीचं गणित, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणं काठोकाठ भरली तर मिळून २९.१५ टीएमसी होतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. शहर दीड हजार एमएलडीच्या (एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर) आसपास उचलतं असं धरा, म्हणजे १५० कोटी लिटर, तर एक टीएमसी १८-१९ दिवस जातो. भागाकार बरोबरच आहे हो काका. पण तो करताना असं धरलंय की ते ९ टीएमसी सगळं पुण्याचंच आहे, आणि घोळ तिथे आहे. त्याच साठ्यातून मुठा उजवा कालवा निघतो, हडपसरवरून पुढे दौंड, इंदापूरपर्यंत जातो, त्यावर शेती आहे आणि त्या शहरांचं, वाटेतल्या गावांचं प्यायचं पाणीसुद्धा आहे. उन्हाळ्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस कालव्यात सोडायचं पाणी, ह्यातूनच सुटतं. वर एप्रिल-मेच्या उन्हात धरणाच्या पसरट पाण्याची वाफ होते ती वेगळी. हे सगळं वजा करून जे उरतं ते जुलैच्या मध्यापर्यंत पुरवायचं असतं, आणि एल निनोचं, म्हणजे समुद्र तापून आपला पाऊस कमी पडायची भीती असलेलं वर्ष असेल तर ऑगस्टपर्यंत.

२०२३ आठवा. १८ मेपासून दर गुरुवारी पाणी बंद ठेवायला सुरुवात झाली, तेव्हाही हाच मेसेज होता, धरणात पाणी असताना बंद का म्हणून. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आपलं नशीब की घाटात जुलैत पाऊस झाला आणि आपली धरणं सावरली, पण ३१ ऑक्टोबरला सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात दौंड होतं, इंदापूर होतं. म्हणजे आपल्याच कालव्याच्या शेवटाला बसलेली माणसं. मे महिन्यात कुणालाच माहीत नसतं की जुलै कसा जाणार आहे. माहीत असतं तर कपात लागलीच नसती.

आता शेतीचे ८० टक्के. आकडा साधारण बरोबर आहे, पण तो राज्याचा, देशाचा आकडा आहे आणि आपण राज्याच्या टाकीतून पीत नाही, मुख्यतः ह्या चार धरणांतून पितो. सांगलीच्या उसाला गेलेलं पाणी पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येणार नव्हतंच. आपल्या धरणांपुरतं बोलायचं तर बेबी कालव्यापासून (खडकवासल्याचा जुना, लहान कालवा) शेवटच्या चारीपर्यंतचा शेतकरी उलट म्हणतो की शहराने कोट्यापेक्षा जास्त उचललं म्हणून आमचं आवर्तन लांबलं, आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी ह्याच्यावरून वाद होतो. प्यायच्या पाण्याला पहिला हक्क आहे हे धोरणातच आहे. पण त्या हक्काने घेतलेल्या पाण्याने पार्किंग धुतलं तर ते प्यायचं पाणी राहत नाही ना.

‘बादलीने काय होणार’ ह्याचा हिशोब मीच करून बघितला. ५० लाख माणसांनी रोज फक्त १० लिटर कमी वापरलं, म्हणजे अर्धी बादली, तर रोज ५ कोटी लिटर वाचतं, दोन महिन्यांत ३०० कोटी. अख्ख्या शहराचे पूर्ण दोन दिवस. २० लिटर वाचवलं तर चार दिवस. चार दिवस कमी वाटतील, पण जून कोरडा जातो तेव्हा चार दिवसांची किंमत काय असते ते मी पाहिलंय.

माझं माहेर लातूरचं. २०१६ च्या मार्चमध्ये तिथे पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावावं लागलं, कारण हंड्यावरून मारामाऱ्या होतील अशी भीती होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वॅगन, ५ लाख लिटर, पुढे ५० वॅगनची गाडी, २५ लाख लिटर. सगळ्या देशाने ते फोटो बघितले. पण पुण्याच्या एका दिवसाच्या १५० कोटींसमोर २५ लाख म्हणजे किती ते बघा, आपल्याला तशा ६०० गाड्या लागतील, रोज. पुण्याला कुठलीच रेल्वे पाणी पाजू शकत नाही, हे मनात घट्ट बसलं पाहिजे. आई तेव्हा भांडी विसळलेलं पाणी पिंपात साठवून संडासला वापरायची आणि आंघोळीला एक लहान बादली, ती पण परातीत बसून, की ते पाणी परत वापरता यावं. तिला कुणी दंड केला नव्हता. मांजरा धरण आटलं होतं, बस.

शेतकरी वाचवत नाही मग आम्हीच का असं म्हणणाऱ्यांना केपटाऊनचं उदाहरण देते, कारण तिथेही शहर आणि द्राक्ष-सफरचंदाच्या बागा एकाच धरणांवर आहेत, अगदी आपल्यासारखं. २०१८ ला तिथे नळ बंद करायची तारीख जाहीर झाली होती, डे झिरो. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटर. आपल्याकडे शहरासाठी माणशी १३५ लिटरचं मानक आहे, म्हणजे तिथे त्याच्या निम्म्याहूनही कमी. शेतीचंही पाणी मोठ्या प्रमाणात कापलं, आणि तिथल्या एका शेतकरी संघाने आपल्या राखीव साठ्यातलं १,००० कोटी लिटर शहराला सोडलं. २०१५ ला रोज १,२०० एमएलडीच्या आसपास पिणारं शहर ५०० च्या आसपास आलं, नळ बंद करायची तारीख पुढे पुढे सरकली आणि शेवटी आलीच नाही. लोक चांगले होते म्हणून हे झालं असं नाही, दर वाढवले, जास्त वापरणाऱ्यांच्या नळाला पाणी अडवणारं यंत्र बसवलं, दाब कमी केला. पण सुरुवात नियम पाळण्यातूनच झाली.

गळतीचा मुद्दा सगळ्यात खरा आहे आणि ह्यावर मी मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. एवढं पाणी जमिनीत जातं, चोरीच्या जोडण्यांत जातं, आणि समान पाणीपुरवठा योजनेच्या (सगळ्या भागांना सारखं पाणी देण्याची महापालिकेची योजना) खोदाईने आपण वर्षानुवर्षं रस्ते सहन केलेत. नगरसेवकाला, वॉर्ड ऑफिसला विचारलंच पाहिजे. पण ‘आधी ते करा मग आम्ही’ ह्याच्यात ‘आधी’ म्हणजे किती वर्षं? जुन्या पाइपलाइनी बदलायला अनेक वर्षं लागतात, जुलै दोन महिन्यांवर आलाय. शिवाय पाइपात दाब कमी केला की गळतीही कमी होते, भोक तेवढंच पण त्यातून बाहेर पडणारं पाणी कमी. म्हणजे कमी दाबाने पाणी देणं हे गळतीवरचं तात्पुरतं औषधच आहे, आणि आपण त्यालाच शिव्या घालतोय.

एक दिवस बंद ठेवून नासाडी होते, ह्यातही तथ्य आहे. बंदनंतर लाइन भरायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या आणि टोकाच्या वस्त्यांना पाणी पोचतच नाही, आणि रिकाम्या पाइपात बाहेरची घाण शिरू शकते म्हणून पहिलं गढूळ पाणी सोडून द्यावं लागतं. मला स्वतःला रोज थोडं कमी देणं जास्त बरं वाटतं. पण ओतून देण्याचा जो भाग आहे ना, तो महापालिका करत नाही, तो आपण करतो! कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून. मी हे माझ्या सासूबाईंशी, शेजारच्या वहिनींशी, सगळ्यांशी बोलले आहे. नळाला येणारं पाणी धरणात महिनोन्महिने साठलेलं असतं, ते एका रात्रीत तुमच्या पिंपात शिळं होत नाही. झाकून ठेवलं, हात बुडवायच्या ऐवजी ओगराळ्याने घेतलं, तर कालचं पाणी आज खुशाल प्या. अगदीच नको वाटत असेल तर त्यात कपडे भिजवा, फरशी पुसा, झाडांना घाला. पिंप आठवड्याला एकदा मात्र घासून कोरडं करायचं, ते डेंग्यूच्या डासांसाठी, शिळेपणासाठी नाही. आमच्या गल्लीत सकाळी सहाला नळ आला की मोरीतून घळघळ आवाज येतो, आणि त्याच वेळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या वस्तीत, जी त्याच लाइनच्या शेवटाला आहे, हंडे रिकामे असतात. त्या मला म्हणाल्या, ताई तुमच्याकडचं पाणी बंद झालं की आमच्याकडं येतं. ह्या एका वाक्यापुढे मला मेसेजमधला कुठलाच मुद्दा टिकत नाही असं वाटतं.

ह्यालाच जोडून मोटरचं. नळाला थेट मोटर लावायची नाही हा नियम मेसेजमध्ये ‘जाचक’ म्हटलाय. मोटर पाणी तयार करत नाही, शेजाऱ्याच्या वाट्याचं ओढते, आणि पाइपात उलटा ओढा तयार झाला की जवळच्या ड्रेनेजचं पाणीसुद्धा फटीतून आत येऊ शकतं. जुलाब, कावीळ इथून येतात. ह्या नियमाबद्दल मी अजिबात तडजोड करणार नाही.

गाडी धुण्याचं सांगते. मी आमच्या पार्किंगमधल्या पाइपखाली २० लिटरची बादली धरून मोबाइलवर वेळ लावली, दीड मिनिटात भरली. दहा मिनिटं पाइप सोडला की १३० लिटरच्या वर गेलं, म्हणजे एका माणसाचं पूर्ण दिवसाचं पाणी, एका गाडीवर. ओल्या फडक्याने अर्ध्या बादलीत तीच गाडी पुसून होते. नियम गाडी स्वच्छ ठेवू नका असं म्हणत नाही, प्यायच्या पाण्याचा पाइप लावू नका म्हणतो. बंगळुरूने मार्च २०२४ मध्ये गाड्या, बागा, कारंजी, बांधकाम ह्यासाठी प्यायचं पाणी वापरलं तर ५,००० रुपये दंड लावला, माझा भाऊ तिथे असतो, पहिला आठवडा सगळे चिडले आणि मग वॉचमनच्या हातातले पाइप गेले आणि बादल्या आल्या. बांधकामाला एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायचं हा नियम आपल्याकडेही आहे, आणि तो मोडणारा बिल्डर दिसला तर तक्रार करा, मी पण करते, सामान्य माणसाची पिळवणूक म्हणून त्याच्याच बाजूने मेसेज कशाला फिरवायचा.

पाणीपट्टी. पुण्यात बहुतेक घरांना ती मिळकतकराबरोबर घराच्या करपात्र मूल्यावरून लागते, मीटरच्या आकड्यावर नाही. म्हणजे १०० लिटर वापरा की १,००० वापरा, बिल तेच. ‘आम्ही भरतो’ म्हणजे आम्ही वापरलेल्याचे पैसे भरतो असं नाहीच मुळी. आणि वापराप्रमाणे द्यायचं असेल तर मीटरला विरोध करणारे मेसेजही ह्याच ग्रुपवर का येतात हे मला कळत नाही.

टँकरचं बोलायचं तर हो, टंचाईत त्यांचा धंदा वाढतो, आणि टँकर कुठे भरतात, किती फेऱ्या होतात, किती पैसे घेतात हे उघड असायला पाहिजे. पण टँकर लागतो पाणी संपल्यावर. वाचवून महिनाभर पुढे ढकललं तर त्या धंद्याला मार बसतो, जपून वापरण्याने टँकरवाल्याचा फायदा होतो हे गणित उलटं आहे.

शेवटचं, पावसाचं. आपल्या खिडकीबाहेर पाऊस म्हणजे धरणात पाणी नाही. कोथरूडला पडलेला वळीव मुठेत वाहून जातो, पानशेतला जात नाही. पाणलोट क्षेत्र वर डोंगरात, दासवे, मुगाव, शिरकोलीच्या बाजूला आहे, आणि तिथेही पहिले कित्येक दिवसांचे पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते, ओढे वाहायला लागले की मगच धरणात येवा, म्हणजे येणारं पाणी, सुरू होतो. मुंबईने २०२४ ला ५ जूनपासून १० टक्के कपात केली, तिथे जूनमध्ये पाऊस सुरूही झाला, तरी कपात उठली २९ जुलैला, तलाव भरायला लागल्यावर. पाटबंधारे खात्याचे आकडे रोज येतात. त्यात फक्त खडकवासल्याची टक्केवारी बघू नका, ते चौघांत सगळ्यात लहान आहे, दोन टीएमसीपण नाही, दोन-तीन दिवसांच्या पावसात फुगतं. चारही धरणांची बेरीज बघायची आणि ती गेल्या वर्षी त्याच तारखेला किती होती ते शेजारी ठेवायचं. काका, आजची बेरीज मी ग्रुपवर टाकतेय, उद्याची तुम्ही टाका.