दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

उत्तर द्यायला चार दिवस लागले. रिव्ह्यू वाचला त्या रात्रीच लिहायला बसले असते तर भांडणच लिहून झालं असतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तुमची तक्रार आधी सांगते. तुम्ही सहा जण ठाण्याहून 15 ते 17 ऑगस्ट असे तीन दिवस 'वाइन वीकेंड'साठी आमच्याकडे, नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या अलीकडच्या आमच्या शेतघरी राहिलात. शुक्रवारी वाइनचा थेंब मिळाला नाही. शनिवारी तीन वायनरी सांगून दोनच दाखवल्या. मळ्यात द्राक्षाचा एक मणी दिसला नाही, 'नापाला याच दिवसांत घड लगडलेले असतात' असं तुम्ही लिहिलंय (नापा म्हणजे कॅलिफोर्नियातला वाइनचा भाग). मटण मागितलं तर श्रावणाचं कारण मिळालं आणि वाइन डिनर म्हणून भरली वांगी वाढली. रेड वाइन फ्रीजमधून थंडगार दिली. वर ड्रायव्हर गळ्यात मारला.

शुक्रवारचं चुकलं आणि ते सर्वस्वी आमचं चुकलं. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे दरवर्षीचे ड्राय डे. त्या दिवशी टेस्टिंग बंद म्हणजे बंद, मग वायनरी कितीही मोठी असो. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलंय की तुम्हाला सांगायचंच राहिलं. बुकिंगच्या मेसेजमध्ये गरम पाण्याच्या वेळा होत्या, घरात मांजर आहे हे होतं, ड्राय डे नव्हता. तुम्ही जुलैत तारीख दिलीत तेव्हा यजमान म्हणाले, 'जोडून सुट्टी आली, बरं झालं.' माझ्याही डोक्यात काही आलं नाही. वाइनसाठी येणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी पावसात पंचवटी दाखवायची, यावर काय बोलणार? शुक्रवारचे सहाही जणांचे पैसे, जेवण धरून, ज्या नंबरवरून आले होते त्यावर काल परत पाठवलेत.

तीन वायनरींचंही खरं सांगते. 'एका दिवसात तीन' असं आम्ही लिहिलं ते लोकांना दोन कमी वाटतात म्हणून. शनिवारी निघायला साडेअकरा झाले हे खरं, पण दहाला निघालो असतो तरी तिसरी जमली नसती. सुला, सोमा, यॉर्क या वायनरी गंगापूर धरणाच्या अंगाला आहेत. शॅंडों दिंडोरीकडे. ग्रोव्हर झंपा आणि व्हॅलोने पार इगतपुरी तालुक्यात. तुम्हाला इगतपुरीकडची एक पाहायची होती, ती मुंबईहून येता-जाताना वाटेत करायची, इथून उलटं जाऊन नाही. हे मी बुकिंग घेतानाच सांगायला हवं होतं. शिवाय एका ठिकाणी पाच-सहा वाइन चाखायच्या, मग जेवण, मग पुन्हा पाच-सहा. तिसऱ्या जागी पोचेपर्यंत जिभेला पांढऱ्या शेनिन आणि लाल शिराझमधला फरक कळत नाही, फक्त रंग कळतो. आता मेसेजमध्ये 'दोन' लिहिलंय.

द्राक्षांबद्दल मात्र माझं ऐकून घ्या, कारण इथे तुम्ही फसवणूक हा शब्द वापरलाय.

नापाला वेल थंडीत झोपतो, वसंतात फुटतो आणि ऑगस्टपासून पुढे तोडणी सुरू होते. आपल्याकडे त्याला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून नाशिकचा शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलची खरड छाटणी काडी, म्हणजे फळ धरणारी फांदी, तयार करायला आणि पावसाळा सरत आला की गोडी छाटणी, जिला सगळे ऑक्टोबर छाटणी म्हणतात, फळाला. घड त्यानंतर दिसतो. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. ऑगस्टच्या पावसात कुणी घड धरायला गेलाच तर डावणी हा बुरशीचा रोग त्याला ठेवणार नाही. सासरे थॉमसन ही खायची द्राक्षं करायचे, अवकाळी पावसाने मण्यांना तडे गेलेले मी या घरात पाहिलेत. त्यानंतर आठवडाभर घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

तुम्ही ज्या वेलींना 'नुसती पानं' म्हणालात त्यांच्या हिरव्या काड्या तेव्हा तपकिरी होत होत्या, पिकत होत्या. पुढच्या हंगामाचा घड त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, उन्हाळ्यातच बसलेला असतो, सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात तिला. डोळा उभा चिरून भिंगाखाली धरला की दिसतो. यजमान तुमच्या मुलाला ते दाखवणार होते, पण पाऊस थांबला नाही आणि मुलगा मोबाइलमधून बाहेर आला नाही. सुलाच्या पहिल्या वाइन घडवायला वाइनमेकर केरी डॅम्स्की आले तेही कॅलिफोर्नियाचेच. पण त्यांनाही इथली द्राक्षं इथल्याच महिन्यांत मिळणार. एक कबूल करते, आमच्या जाहिरातीतला घडांचा फोटो फेब्रुवारीतला आहे आणि खाली महिना लिहिलेला नव्हता. आता लिहिलाय.

मटणाचं. श्रावणात आमच्या घरात मटण शिजत नाही, सासूबाईंचं स्वयंपाकघर आहे ते, आणि ही गोष्ट मेसेजमध्ये होती, दुसऱ्याच ओळीत. यात बदल होणार नाही.

भरल्या वांग्यांवर मात्र मी वाद घालीन. वाइनबरोबर चीज आणि पास्ताच लागतो असं थोडंच आहे? तिखटाशी कोणती वाइन भांडते ते पाहावं लागतं. रेडमधला तुरटपणा तिखट आणखी चढवतो, त्यात अल्कोहोल जास्त असलं की घसाच पेटतो. म्हणून सासूबाई त्या रात्री वांग्यांत काळा मसाला घालतात पण लाल तिखट निम्मं करतात, आणि दाण्याचा कूट सढळ हाताने. त्याच्याबरोबर शिराझ घेऊन पाहा. ठेच्याशी मात्र शिराझ नको, तिथे थोडी गोडसर शेनिन ब्लाँ. कोथिंबीर वडीला सोव्हिन्याँ ब्लाँ ही पांढरी वाइन, तिचा हिरवट आंबटपणा कोथिंबिरीला धरून असतो. तुम्ही ठेचा आणि रेड एकत्र घेतलंत आणि जेवण जाळ होतं असं लिहिलंत. वाढताना कुणी सांगितलं नाही, कारण वीज गेली होती आणि ती परत कधी येणार हे विचारायला त्या वेळी मी अंगणात फोनवर होते. परवाना नसल्याने वाइन आम्ही विकत नाही, तुम्ही शनिवारी वायनरीतून आणलेलीच बाटली उघडली होती. पण ती कशाबरोबर घ्यायची हे सांगणं आमचं काम होतं.

फ्रीजचं अर्धं चूक, अर्धं बरोबर. रेड वाइन खोलीच्या तापमानाला घ्यायची म्हणतात ती युरोपातली थंड खोली, 16 ते 18 अंशांची. आमची खोली ऑगस्टमध्येही त्याहून बरीच गरम असते, म्हणून रेडची बाटली वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावी लागते. तुमची दोन तास राहिली. ठेवणाऱ्या पोराला गजर लावायला सांगितलंय.

आणि ड्रायव्हर. चाखायला जाणाऱ्या पाहुण्यांना आम्ही स्वतःची गाडी चालवू देत नाही, मग कुणी कितीही रागावो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा, आणि दहा-बारा घोट चाखल्यावर आपण कुठे आहोत हे कुणाला कळतं? धरणाकडचा रस्ता रात्री काळाकुट्ट, मध्येच गुरं. हा खर्च वेगळा लिहून देतो आणि तुम्हालाही दिला होता, त्यातला रुपया परत मिळणार नाही.

डास आणि वायफायबद्दल तुम्ही लिहिलंत ते दोन्ही खरं आहे.

परत या असं म्हणायला जीभ रेटत नाही, तरी म्हणते. जानेवारीच्या शेवटी या, मळ्यात घड असतील, कुठे ना कुठे तोडणी चालू असेल, श्रावण नसेल म्हणजे मटणही मिळेल. फक्त 26 जानेवारी सोमवारी आला तर लक्षात ठेवा. शनिवार-रविवार खुशाल धरा, पण जोडून सुट्टी म्हणून मुक्काम वाढवलात तर सोमवारी वाइन नाही, मिसळ आहे. मध्ये निवडणूक लागली तर तिचे ड्राय डे वेगळे, ते मी आठवडाभर आधी स्वतः फोन करून सांगेन.